भिंतीला टेकलेली सायकल आणि आईची शुगर



आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही वस्तीत फेरी मारा, चार घरांआड भिंतीला टेकून ठेवलेली एक लेडीज सायकल दिसल्याशिवाय राहणार नाही. लोणार, सिंदखेड राजा, जळगाव जामोद, संग्रामपूर अशा तालुक्यांतील मुलींना शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या शिक्षणासाठी सायकली मिळाल्या. त्यांचा फार उपयोग झाला. ज्या मुली अंतरामुळे सातवीनंतर घरी बसल्या असत्या त्या दहावी-बारावी झाल्या. परंतु मुलगी पुढे बुलढाण्याला, खामगावला किंवा अकोल्याला कॉलेजात गेली की सायकलीचे काम संपते. हवा निघून जाते, चेन गंजते, कॅरिअरवर कोंबडी बसते आणि शेवटी भंगारवाला किलोच्या भावाने ती घेऊन जातो. आम्हा कॉमर्सवाल्यांना घसारा नावाचे प्रकरण शिकवले जाते. दरवर्षी वस्तूची किंमत कमी करीत करीत एक दिवस ती पुस्तकात शून्य होते. पण पुस्तकात शून्य झालेली वस्तू निकामी झाली असे कोणत्याही हिशेबात म्हटलेले नाही.

त्याच घरात चाळिशी ओलांडलेली आई असते. तिला शुगर निघालेली असते, नाहीतर बीपीची गोळी सुरू झालेली असते. डॉक्टर सांगतात, “बाई, रोज अर्धा तास चाला.” सांगणे सोपे आहे. चालायचे कुठे? मलकापूर, नांदुरा, खामगाव पट्ट्यात वस्तीच्या बाहेर पाऊल टाकले की राष्ट्रीय महामार्ग, आणि पहाटेच्या अंधारात ट्रकवाल्याला पायी चालणारी बाई दिसत नाही. गल्लीत कुत्री. एप्रिल-मेमध्ये आठ वाजता ऊन चटका देते. बुलढाणा गाव घाटावर आहे म्हणून तिथली सकाळ बरी, खाली उतरले की भट्टी. शिवाय चार लोकांचे बोलणे आहेच. “आता हिला बारीक व्हायचं आहे” असे कोणी म्हटले की ती बाई दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडत नाही.

या दोन गोष्टी एकत्र आणता येतात का, हे आज पाहू. एक खुलासा आधीच करतो. जी भगिनी दिवसभर दुसऱ्याच्या शेतात निंदण करते, कापूस वेचते, तिला संध्याकाळी व्यायाम करा म्हणून सांगणे ही थट्टा होईल. हा लेख बसून काम करणाऱ्यांसाठी आहे. शिवणकाम करणारी, दुकानात बसणारी, कार्यालयातील, तसेच रात्रपाळीचा वॉचमन, ड्रायव्हर, आणि काम सुटल्यावर घरी बसलेले म्हातारे वडील.

लहानपणी आपण सर्वांनी एक खेळ केला आहे. वडिलांची काळी सायकल डबल स्टँडवर उभी करायची आणि पायडल हाताने जोरात फिरवायचे. मागचे चाक भिंगरीसारखे फिरत राहायचे. कित्येक जण विचारतात, मग स्टँडवर लावून त्यावर बसून पायडल मारले तर व्यायाम होत नाही काय? होत नाही. रस्त्यावर आपण पायडल मारतो तेव्हा समोरून वारा अडवतो, रस्ता टायरला धरून ठेवतो, चढ आला तर आपलेच वजन वर ओढावे लागते. पायाला जोर लागतो तो या विरोधामुळे. स्टँडवर चाक हवेत असते, विरोध काहीच नसतो, पाय नुसते फिरतात. दुसरे असे की तो स्टँड रिकामी सायकल उभी करण्यासाठी केलेला आहे. साठ-सत्तर किलोचा माणूस वर बसून हलू लागला की स्टँड वाकतो आणि सायकल आडवी होते. म्हणून हा प्रयोग कोणी करू नये.

यासाठी वेगळे साधन मिळते, त्याला ट्रेनर म्हणतात. लोखंडी नळ्यांचा, पाय फाकवून उभा राहणारा एक सांगाडा असतो. त्यात सायकलीच्या मागच्या चाकाचा एक्सल दोन्ही बाजूंनी वाट्यांमध्ये पकडून स्क्रूने आवळतात. चाक जमिनीपासून थोडे उचलले जाते आणि मागून एक लोखंडी रोलर टायरला दाबून बसतो. चाक फिरले की रोलर फिरतो आणि रोलरला जो अडथळा केलेला असतो त्यामुळे पायाला जोर लागतो. साध्या ट्रेनरमध्ये हा अडथळा चुंबकाचा असतो. पूर्वी घरोघरी विजेचे जे मीटर होते त्यात ॲल्युमिनियमची चकती फिरताना आपण पाहिली आहे. त्या चकतीला मोकाट फिरू न देण्यासाठी मीटरमध्ये चुंबक बसवलेला असे. चुंबक चकतीला कुठेही टेकत नसे, तरी तिला आवर घाली. इथेही तेच तत्त्व आहे. घासणारे काही नसल्यामुळे हा भाग लवकर झिजत नाही. बहुतेक ट्रेनरना हँडलवर लावायचा एक खटका असतो, त्याने जोर कमी-जास्त करता येतो. आपल्या सायकलीला गिअर नसतात, म्हणून खटका असलेलाच घ्यावा.

हे साधन म्हणजे श्रीमंतांच्या मुलांचे खेळणे, असे कोणाला वाटेल. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी पार करणारी, सुमारे पाच हजार किलोमीटरची सायकल शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. विदर्भाच्या मातीतला माणूस तिथपर्यंत जाऊन आला. हीच शर्यत जून २०२० मध्ये करोनामुळे रस्त्यावर होऊ शकली नाही, तेव्हा ती घरात ट्रेनरवर सायकल लावून खेळवली गेली. आपल्या लष्करातील लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू यांनी बंगळूरच्या घरातून न हलता बारा दिवसांत चार हजार किलोमीटरांहून अधिक अंतर तोडले. अर्थात त्यांची यंत्रे कॉम्प्युटरला जोडलेली, त्यांची किंमत आपल्या कित्येक महिन्यांच्या पगाराची. आपल्याला त्यातले काहीही नको. साधा चुंबकी ट्रेनर काही हजार रुपयांत येतो.

तेही एका घराला जड आहे हे मान्य. म्हणून माझे स्पष्ट मत असे की तो एकट्याने घेऊच नये. पाच-सहा घरांनी किंवा बचत गटाने मिळून एक घ्यावा आणि समाजमंदिराच्या खोलीत किंवा ज्याच्या घरी जागा असेल तिथे लावावा. सायकलही एकच पुरते. प्रत्येकीच्या उंचीप्रमाणे सीट वर-खाली करावी लागते, त्यासाठी सीटच्या नळीवर ऑईलपेंटने एकेक खूण करून ठेवली की रोज मोजमाप करावे लागत नाही. पैसे किती जमले, कोणी दिले, पावती कुठे आहे, याची एक साधी वही ठेवावी. सामुदायिक वस्तू मोडते त्याहून जास्त वेळा हिशेबावरून फुटते, हे वीस वर्षांच्या सामाजिक कामात मी पुष्कळ पाहिले आहे.

खरेदीपूर्वी एक काळजी अवश्य घ्यावी. हे ट्रेनर मुख्यतः गिअरच्या सायकली डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले असतात. आपल्या साध्या सायकलीच्या एक्सलला दोन्ही बाजूंना मोठे नट असतात, त्याच ठिकाणी स्टँड, कॅरिअर आणि मडगार्डच्या तारा येऊन मिळतात. त्यामुळे ट्रेनरच्या वाट्या नीट बसत नाहीत. दुकानदार “बसते हो, घेऊन जा” म्हणतो आणि घरी आल्यावर बसत नाही. म्हणून सायकलच दुकानात न्यावी, नाहीतर चाकाचा आकार आणि एक्सलची एका नटापासून दुसऱ्या नटापर्यंतची लांबी लिहून न्यावी. आपल्या गल्लीतील सायकल मिस्त्रीला सोबत घेतले तर उत्तमच. स्टँड आणि कॅरिअर काढून टाकावे लागतात, ते काम तो दहा मिनिटांत करतो. काही ट्रेनरसोबत वेगळे नट मिळतात, ते बदलून लावायचे. टायरला मोठे खाचेदार गट्टू असतील तर रोलरवर खडखडाट होतो आणि शेजारी भांडायला येतात. गुळगुळीत टायर बरा.

लावण्याची रीत अशी. सपाट फरशीवर जुनी सतरंजी किंवा रबरी चटई अंथरावी. तिने आवाज कमी होतो, घामही फरशीवर पडत नाही. मागच्या चाकात पूर्ण हवा भरावी. एक्सल वाट्यांत बसवून स्क्रू आवळावा आणि सायकल दोन्ही हातांनी आजूबाजूला हलवून पाहावी. ती जराही सुटता कामा नये. मग रोलर टायरला टेकेपर्यंत आणून त्यापुढे दोन-तीन आटे फिरवावेत. हाताने टायर झटकन ओढून पाहावा. टायर रोलरवर घसरत असेल तर आणखी थोडे आवळावे. मागची बाजू उचलली गेल्याने सायकल पुढे झुकते, म्हणून पुढच्या चाकाखाली त्याच उंचीची लाकडी फळी द्यावी. विटा ठेवू नयेत, सरकतात.

सीटची उंची हा सर्वात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि त्याकडेच दुर्लक्ष होते. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी व पायडल अगदी खाली न्यावे. त्या वेळी पाय सरळ झाला पाहिजे. नंतर चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडासा बाक राहतो, तो बरोबर. गुडघा समोरून दुखू लागला तर बहुधा सीट खाली आहे. मागून ताण येत असेल तर वर आहे. आपल्याकडे पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवण्याची सवय असते, ट्रेनरवर पडण्याची भीती नाही तेव्हा ती सवय सोडावी. साडीवर बसू नये. सलवार-कुर्ता घालावा, ओढणी बाजूला ठेवावी.

पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटे पुरे. सुरुवातीची आणि शेवटची काही मिनिटे अगदी हलके पायडल मारावे. उजवा गुडघा पंधरा सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजून चारने गुणावे. साठ ते ऐंशी फेरे आले तर गती योग्य. जोर किती असावा? सोबतच्या बाईशी बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतका. दर आठवड्याला थोडी वेळ वाढवीत अर्ध्या तासावर यावे. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास म्हणजे दीडशे मिनिटे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी आठवड्याला किमान तेवढाच मध्यम व्यायाम सांगितला आहे.

घरात सायकल मारताना रस्त्यापेक्षा जास्त घाम येतो, याचे पुष्कळांना नवल वाटते. शरीर जी शक्ती खर्च करते तिच्यातील जेमतेम पाव हिस्सा पायडलला पोचतो, बाकीची सर्व उष्णता होते. रस्त्यावर वारा ती उडवून नेतो, खोलीत ती अंगातच कोंडते. तेव्हा पंखा, उघडी खिडकी आणि पाण्याची बाटली हवीच. टिनाच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी हा व्यायाम मुळीच करू नये, पहाटे करावा. लाईट गेली असेल तर त्या दिवशी सुट्टी.

शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. व्यायामाने साखर उतरते आणि औषधाने आधीच उतरलेली असेल तर हात थरथरतात, घाम फुटतो, अंधारी येते. जवळ गूळ किंवा साखर ठेवावी, असे झाले की लगेच तोंडात टाकावी. रोज तळपाय पाहावेत, जखम असेल तर बरी होईपर्यंत थांबावे. छातीत दुखले किंवा दाटून आले तर तत्काळ उतरून दवाखाना गाठावा, “ॲसिडिटी असेल” म्हणून घरी झोपू नये.

आणि सिकलसेल. विदर्भात हा आजार आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत जास्त आढळतो, हे उघडपणे बोलले पाहिजे. जुलै २०२३ मध्ये केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, सरकारी दवाखान्यात तपासणी होते, तरी लग्न मोडेल या भीतीने लोक कार्ड लपवतात. ज्याला हा आजार आहे त्याने डॉक्टरांच्या परवानगीशिवाय ट्रेनरवर बसू नये. अंगातील पाणी कमी होणे, अंग तापणे, दमछाक होणे, यांनीच रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. कोंदट खोलीतील सायकल म्हणजे या तिन्ही गोष्टी एका जागी. जे केवळ वाहक आहेत त्यांना व्यायामाची मनाई नाही, पण त्यांनीही हळूहळू वाढवावे, भरपूर पाणी प्यावे आणि चढाओढ करू नये. तरुण मुले खटका शेवटपर्यंत ओढून शर्यत लावतात, तिथे घरच्यांनी लक्ष घालावे. कोण वाहक आहे हे माहीत नसेल तर आधी तपासणी करून घ्यावी.

एक-दोन खोल्यांच्या घरात लहान मुले असतात. फिरते आरे, चेन आणि रोलर यांत बोट गेले तर तुटतेच. व्यायाम चालू असताना मूल दुसऱ्या खोलीत किंवा शेजारी ठेवावे आणि काम झाल्यावर मागचे चाक साखळीकुलूप घालून बांधून टाकावे. घामात मीठ असते, ते हँडलखाली आणि चेनवर पडून गंज धरतो. म्हणून हँडलवर टॉवेल टाकावा, आठवड्याला चेन पुसून तेलाचे दोन थेंब सोडावेत.

रोलरच्या घर्षणाने मागचा टायर तापतो आणि मधोमध सपाट झिजतो. पुढे घरातील किंवा शेजारची एखादी मुलगी आठवीला गेली आणि तिला हीच सायकल शाळेसाठी द्यायची ठरली, तर तो टायर बदलूनच द्यावा. स्टँड आणि कॅरिअर काढले त्या दिवशीच नट-बोल्टांसह पिशवीत बांधून सायकलीच्या हँडलला अडकवून ठेवावेत, म्हणजे ऐनवेळी शोधत बसावे लागणार नाही.