मिरची आणि विहीर

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. उन्हाळी लागवडीची ही मिरची विहिरींवर जगते. आणि तेथील काळ्या पाषाणाच्या पोटात पाणी फार मावत नाही. भाव चढला की विहीर खोल होते, शेजाऱ्याची आटते. यात शेतकऱ्याचा लोभ शोधणे हा शहरी सोवळेपणा झाला. विहीर खासगी, पण झरा सामाईक, हा खरा पेच आहे. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पेयजलस्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीविना विहीर खोदण्यास मनाई केली. तरीही २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्याला टँकरचाच आधार घ्यावा लागला. नुसत्या मनाईने भागणार नाही. लागवडीपूर्वी ग्रामसभेने पाण्याचा ताळेबंद मांडून मिरचीचे क्षेत्र ठरवावे.