चटई कोणाच्या पैशाची?



विजेच्या मोठ्या लाइनीखाली येणारी झाडे तोडायला यंत्रे येतात. धुऱ्यावरचा कडुनिंब जातो, बाभळी जातात, लाकूड ट्रकमध्ये जाते आणि यंत्रेही निघून जातात. झाडांचे पैसे मिळतात. मोडलेल्या पऱ्हाटीचे पैसेही, चार खेटे घातल्यावर, मिळतात. पंचनामा संपला, सह्या झाल्या. पुढच्या खरिपात मात्र त्याच वावरात दोन पट्टे दिसू लागतात. गुडघ्याएवढी पऱ्हाटी, पिवळी पाने, चार बोंडे. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पीक छातीला लागलेले. त्या दोन पट्ट्यांचे पैसे कोणत्या पंचनाम्यात लिहिले होते? कोणत्याच नाही.

आम्ही कृषी महाविद्यालयात चार वर्षे घालवली. जमिनीच्या घट्टपणावर एक धडा होता, परीक्षेत त्याला पाच मार्क होते. संघटनेच्या कामात आल्यावर कळले की त्या पाच मार्कांची किंमत शेतकरी पाच-सात वर्षे फेडतो.

हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. प्रत्येक गावात एखादी जुनी गाडवाट कोणीतरी मोडून वावरात घेतलेली असते. नांगरली, वखरली, शेणखत टाकले, तरी तिथली ज्वारी कितीतरी वर्षे ओळखू येते. ती तर बैलगाडीची वाट होती. आता हिशेब करा. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात आपण बारा-पंधरा पौंड हवा भरतो. माल वाहणाऱ्या ट्रकच्या चाकात शंभर पौंडांच्या आसपास असते. चाकात जेवढी हवा, साधारण तेवढाच दाब ते चाक खालच्या मातीवर देते. म्हणजे लाकडाने भरलेला ट्रक ट्रॅक्टरच्या सहा-सात पट जोराने माती दाबतो. जेसीबीचे वजन साडेसात टनांच्या घरात, हायड्रा क्रेन तर रिकामीच दहा टनांच्या पुढे. वरचा थर किती दाबला जाईल हे चाकातल्या हवेवर ठरते. दाब किती खोल जाईल हे चाकांवरच्या वजनावर ठरते. जड यंत्राचा दाब नांगराच्या तासाखाली पोचतो, आणि तिथे आपला कोणताच फाळ पोचत नाही.

त्यात आपली काळी माती. कोरडी असली की दगड, ओली झाली की लोणी. वापसा नसताना बैल वावरात घालायचा नाही हे दहा वर्षांच्या पोराला कळते. पण ठेकेदाराला काम ऑगस्टमध्येच संपवायचे असते! ओल्या काळ्या मातीवर चाक नुसते दाबत नाही, ते घसरते आणि माती लिंपते, जशी आपली माय भिंत लिंपते. पाणी मुरायची आणि हवा खेळायची भोके बुजतात. कपाशीचे सोटमूळ सरळ खाली जाण्याऐवजी त्या लिंपणावर आडवे वळते. उपटून पाहा, मूळ कोयत्यासारखे वाकडे निघेल. रब्बी ज्वारीचे तर आणखी वाईट. ती पावसावर नाही, मुरलेल्या ओलीवर जगते. पावसाळ्यात पाणी मुरलेच नाही तर पौषात ती काय पिणार?

साहेब लोकांचे उत्तर ठरलेले आहे. "काळी माती उन्हाळ्यात उलते, भेगा पडतात, आपोआप मोकळी होते." हे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे म्हणूनच ते आपल्या माथी मारता येते. वरचा वीतभर थर ओला-कोरडा होत दोन-तीन वर्षांत बराच सुटतो. खालचा थर तसा कोरडा होत नाही, म्हणून तसा उलतही नाही. आणि जो सुटतो तो सुटेपर्यंतच्या पिकाचे काय? कबूल करायला हवे की एकेकाळी आम्हीही हेच सांगत फिरलो. एका शेतकऱ्याला आम्ही खोल नांगरटीचा सल्ला दिला. त्याने उसनवारी करून ट्रॅक्टर लावला. खालची माती ओलीच होती, फाळाने ती आणखी लिंपली. डिझेलचे पैसे त्याचे गेले, आमची फक्त चूक झाली.

मग उपाय काय? उपाय नवा नाही. इंग्लंड-अमेरिकेत झाड उतरवणारे लोक क्रेन आत घेण्याआधी जमिनीवर जाड चटया अंथरतात. कशासाठी? बंगल्यापुढच्या हिरवळीवर चाकोऱ्या उमटू नयेत म्हणून! अमेरिकेत आणि कॅनडात दलदलीतून विजेच्या लाइनी नेताना जाड लाकडी ओंडके बोल्टने जखडून त्यांचा रस्ता करतात आणि काम झाले की उचलून नेतात. दूर कशाला जायचे? आपल्याकडे क्रिकेटच्या मैदानावर दोन थेंब पडले की माणसे ताडपत्री घेऊन खेळपट्टीकडे धावतात. बावीस यार्डांच्या मातीची एवढी काळजी घेणाऱ्या देशात आमच्या चार एकरांत क्रेन घालताना कोणाला गोणपाटसुद्धा आठवत नाही.

आता या चटया आपल्या भागातही विकायला येऊ लागल्या आहेत. आमच्या एका बैठकीत एक गृहस्थ नमुना घेऊन आले. म्हणाले, शेतकऱ्यांनी गट करा, चटया विकत घ्या, अनुदानासाठी अर्ज करा. आमचा विरोध इथे आहे. माल वाईट आहे म्हणून नाही. यंत्र त्यांचे, घाई त्यांची, लाइन त्यांची, आणि चटई आमची? घरात चोर शिरू नये म्हणून कुलूप घ्यावे हे ठीक. पण पाहुण्याने पाय पुसायचे पायपुसणेही घरधन्याने कर्ज काढून आणायचे, ही कुठली रीत?

कायदा काय म्हणतो ते नीट वाचा. वीज कायदा २००३, कलम ६७. लाइन टाकणाऱ्याने शक्य तितके कमी नुकसान करावे आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यावी. नुकसान त्याने केलेले असो की त्याने कामाला लावलेल्याने. म्हणजे "ते ठेकेदाराने केले, आमचा संबंध नाही" हे वाक्य कायद्याने आधीच खोडले आहे. ज्या लाइनी तार कायद्याच्या अधिकाराने टाकल्या गेल्या, त्यांच्याबाबत इंग्रजांनी १८८५ सालीच कलम १० मध्ये कमीत कमी नुकसान आणि पूर्ण भरपाई लिहून ठेवली. इंग्रज काही शेतकऱ्याचा मामा नव्हता, तरी त्याने हे लिहिले. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने जून २०२४ मध्ये मनोऱ्याच्या जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या दुप्पट आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के असे सूत्र सुचवले. ते पदरात पाडून घ्याच. पण ते जमिनीच्या किमतीचे सूत्र आहे. धुऱ्यापासून मनोऱ्यापर्यंत यंत्र ज्या वाटेने गेले, ती वाट त्या मापात येतेच असे नाही. शिवाय "कमीत कमी नुकसान" हे शब्द भरपाईच्या आधी येतात. चटई अंथरणे हेच कमीत कमी नुकसान. ती न अंथरता यंत्र आत घालणे हा आमच्या मते कायद्याचा भंग आहे, आणि जिल्ह्याच्या बैठकीत तसा ठराव आम्ही मांडणार आहोत.

मागायची तर चांगली चटई मागा, नाहीतर दाखवायला पत्रे आणतील. प्लॅस्टिकची चटई साधारण चार बाय आठ फुटांची असते. जाडी अर्धा इंचाच्या खाली नको. अशा एका चटईचे वजन पस्तीस-चाळीस किलो भरते, दोन माणसे उचलतात. त्याहून बरीच हलकी निघाली तर ती हातगाड्यासाठी आहे, क्रेनसाठी नाही. दोन विटांवर आडवी ठेवून मध्ये उभे राहा. भंगार प्लॅस्टिकची असेल तर करकरते, चिरा दाखवते. एकमेकींना जोडायला भोके आणि पट्ट्या हव्यात, नाहीतर चाकाखालून सरकतात. लोखंडी पत्रा दाब जास्त पसरवतो, पण आठ मिलिमीटरचा एवढाच पत्रा १८० किलोंच्या पुढे जातो आणि पावसात त्यावर चाक घसरते. कन्व्हेयरचे जुने रबरी पट्टे अंथरून कोणी फसवू पाहील. पट्टा चाकाबरोबर वाकतो. चाक रुतणे थोडे थांबते, दाब तसाच खाली जातो.

आणि हेही स्पष्ट सांगतो. चटई म्हणजे पावसाळ्यात आत यायचा परवाना नव्हे. चटई वरचा थर वाचवते. दहा-बारा टनांचे ओझे कुठेतरी खाली उतरणारच. म्हणून मागणीतली पहिली ओळ चटईची नाही, वेळेची आहे. झाडतोड पीक निघाल्यावर, चैत्र-वैशाखात, माती कोरडी असताना. त्याही वेळी येण्या-जाण्याची वाट एकच, आधी चुन्याने आखलेली. तारा तुटल्या किंवा वादळात झाड पडले आणि ओल्यात यावेच लागले, तर चटईशिवाय एकही चाक धुऱ्याच्या आत नाही. हे सारे कामाच्या निविदेत लिहिलेले असावे, खर्च लाइनवाल्याचा.

आपलेच एखादे झाड आपणच विकतो तेव्हा काय? तेव्हा मात्र बोट दुसऱ्याकडे दाखवता येत नाही. लाकूड व्यापाऱ्याशी सौदा करताना ट्रक धुऱ्याबाहेर उभा राहील आणि ओंडके बैलांनी किंवा ट्रॅक्टरने बाहेर काढले जातील, एवढे तरी बोलून घ्या. दोन-चारशे रुपये जास्त मिळतात म्हणून ट्रक आत घेऊ नका. शंभर फुटांच्या वाटेला दोन्ही चाकांखाली मिळून पंचवीसेक चटया लागतात. मागची उचलून पुढे टाकत गेले तर पंधरात भागते. एवढ्या चटया पाच गावांनी मिळून घ्यायच्या का, हे बैठकीत ठरवू. आमचे मत भाड्याने आणाव्या असे आहे.

ज्यांच्या वावरात गेल्या तीन वर्षांत लाइनीच्या कामासाठी यंत्र शिरले, त्यांनी बैठकीला सातबारा, पंचनाम्याची नक्कल आणि भरपाईची पावती आणावी. शिवाय चाकोरीतली फूटभर खोलीवरची माती फावड्याने अखंड काढून आणावी, आणि शेजारच्या चांगल्या तासातली तेवढीच. दोन्ही ढेकळे वेगवेगळ्या ओल्या फडक्यांत बांधा. पिशवीत सुटी ठेवली तर चांगल्या तासातले रस्त्यातच फुटते.