दोनदा दाबल्यावर लागणारा ब्रेक

दिवाळीच्या सुट्टीत मी जयपूरला, वैशाली नगरात मामाकडे होतो. शहराबाहेरच्या शेतावर जायला त्याची एक जुनी एटीव्ही आहे. तिचा ब्रेक लिव्हर थेट मुठीला टेकायचा, दोनदा पंप केला की कडक व्हायचा. "लागतोय ना?" मामाने विचारलं. मी म्हणालो, "हो."

त्याच संध्याकाळी मामेबहीण मागे बसलेली असताना गाडी उतारावर चौथ्या दाबाला थांबली, कुंपणापासून हातभर अंतरावर. माझा तो 'हो' चुकीचा होता. दोनदा दाबल्यावर लागणारा ब्रेक हा ब्रेकच नव्हे.

ब्रेक ऑइल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. नळीत हवा शिरली की आपला जोर तिलाच दाबण्यात जातो. दुसऱ्या दिवशी आम्ही आधी गळती शोधली. कॅलिपरपाशी नळीचा जोड ओला होता. तिथले वॉशर न बदलता नुसती हवा काढली असती, तर सगळी मेहनत वाया! मग मामाने लिव्हर दाबून धरायचा, मी निपल सैल करून पुन्हा आवळायचा, मगच त्याने लिव्हर सोडायचा. आधी सोडला की हवा उलटी आत. वरच्या टाकीत नवं डॉट ४ ऑइल सतत घालत राहिलो. जुनं चहासारखं काळपट झालं होतं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नव्याचा उत्कलनबिंदू किमान २३०° से., पाणी मुरलेल्याचा १५५° पर्यंत उतरू शकतो.

आपल्याकडे बुटांची तपासणी रोज होते, सायकलींच्या ब्रेकची कधीच नाही. सरांनी रविवारी त्यासाठी दहा मिनिटं द्यावीत. प्रश्न एकच विचारावा: पहिल्या दाबाला लागला का?