सेविकेच्या प्रशिक्षणात तिची भाषा कुठे आहे?

मेळघाटातल्या पाड्यावरून अंगणवाडीत येणारे तीन वर्षांचे मूल बहुधा कोरकू बोलते. ही भाषा मराठीच्या कुळातली नाही. तिचे नाते संथाळी-मुंडारीशी आहे. भामरागडच्या मुलाची माडिया तर द्रविड कुळातली. या मुलांना मराठीकडे नेणे हे कसबाचे काम आहे. गोष्ट कोणत्या भाषेत सांगायची, मराठी शब्द कधी आणि किती आणायचे, गप्प बसलेल्या मुलाला कळले नाही की ते बिचकले, हे सगळे ओळखावे लागते. ते ओळखू शकेल अशी बाई गावात असते, ती म्हणजे त्याच समाजातली सेविका. पण तिच्या प्रशिक्षणात या कसबाला फारशी जागा नाही. केंद्राने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘पोषण भी, पढाई भी’ कार्यक्रमात बालशिक्षणाला पोषणाइतके महत्त्व मिळाले, हे चांगलेच झाले. तरी शहरातल्या आणि धडगावच्या सेविकेला तीन दिवसांत एकाच साच्यातले धडे देऊन हा प्रश्न सुटणार नाही. आदिवासी सेविकांचे प्रशिक्षण त्यांच्या भाषेत, वर्षभर आणि त्यांच्यातल्याच अनुभवी सेविकांच्या हातून व्हायला हवे.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून त्यांनी वारली मुलांसमोर खडे, बिया, पाने, शिंपले मांडले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा पाड्यावर, अगदी गुरे चरतात त्या कुरणावरही गेली. पद्धत मुलाच्या जगण्यातून घडवायची, हा कोसबाडचा धडा आपण साहित्यापुरता उचलला. शिकवणाऱ्या बाईपर्यंत तो नेलाच नाही. न्यूझीलंडच्या माओरींनी तो तिथवर नेला. १९८२ मध्ये वेलिंग्टनजवळ पहिले ‘कोहांगा रेओ’ उघडले, आणि आजी-आजोबांच्या भाषेत मुले वाढवणाऱ्या या केंद्रांच्या शिक्षिकांसाठी पुढे चळवळीच्या संस्थेनेच अभ्यासक्रम आखला. १९९६ च्या राष्ट्रीय बालशिक्षण आराखड्यातही त्या संस्थेचा हात होता.

यावर पहिला आक्षेप असा की, पहिलीत मराठीच लागणार असेल तर वेळ का घालवायचा? मुलांना मराठी नीट यायलाच हवी, हे मलाही मान्य आहे. पण मोजणे, वर्गवारी करणे, घडलेले क्रमाने सांगणे मूल आधी समजणाऱ्या भाषेत शिकते, मग त्याला मराठीचे फक्त शब्द नवे राहतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: समाजाच्या नावाखाली चुकीच्या समजुतीही जपल्या जातील. बाळाला चीक न पाजण्याची समजूत अनेक ठिकाणी आढळते, आणि ती केवळ आदिवासींत नाही. अशी समजूत मोडायला आजीशी तिच्या बोलीत, तिचा मान राखून बोलावे लागते. पडद्यावर चित्रे दाखवून ते जमत नाही, म्हणून तशा संवादाचा सराव प्रशिक्षणातच व्हायला हवा. भाषा खूप आहेत, खर्च झेपणार नाही, हेही ऐकू येते. प्रत्येक भाषेत जाड पुस्तके कोणी मागत नाही. एकाच भाषेच्या सेविकांनी महिन्यातून एकदा जमावे, गोष्टी-गाणी तपासावीत, एकमेकींच्या अडचणी सोडवाव्यात, आणि शिकवणाऱ्या सेविकेला त्या दिवसाचा वेगळा मोबदला मिळावा, इतकेच पुरेसे आहे.

याला धोरणात आधारही आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा, इतरांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला आहे. तो डीटीएच आणि स्मार्टफोनवरून चालवता येईल, पण महिन्यातून किमान एक प्रत्यक्ष वर्ग असावा, असेही त्यात म्हटले आहे. जिथे फोनला रेंज मिळवायला टेकडी चढावी लागते, तिथे तो एक वर्ग हाच खरा अभ्यासक्रम ठरेल. राज्याने तो कोरकू, गोंडी, माडिया, भिली आणि वारली बोलणाऱ्या सेविकांच्या हाती सोपवावा आणि तिथे केलेले काम प्रमाणपत्रासाठी धरावे.