बंदूक काकांची, बार पुतण्याचा. मग गुन्हा कोणाचा?

भात पोटरीत आलं की आमच्याकडं एकच तक्रार वाढू लागते. "साहेब, रात्री डुकरं आली आणि अख्खा चोंढा लोळवून गेली." पाहणीला बांधावर गेलं की दुसरा विषय निघतोच. घरात शेतीसंरक्षणाची बंदूक असते, परवाना आजोबांच्या नाहीतर काकांच्या नावावर. त्यांना आता रात्रीचं दिसत नाही, माळ्यावर चढवत नाही. मग राखणीला जातो पुतण्या, किंवा सुट्टीला मुंबईहून आलेला भाचा. "बंदूक लायसनची आहे, भीती कसली?" असं सर्रास म्हटलं जातं. भीती आहे, आणि ती दोघांनाही आहे.

सातबाऱ्यावर चार भावांची नावं असतात, बंदुकीच्या परवान्यावर तसं नसतं. परवाना घराला नाही, शेताला नाही, नाव असलेल्या माणसाला दिलेला असतो. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 3 मध्ये बिगरपरवाना माणसाला थोडीच सूट आहे. परवानाधारक सोबत हजर असेल, किंवा त्याची लेखी चिठ्ठी असेल, तर दुसरा माणूस बंदूक वाहून नेऊ शकतो. तीही तीनच कामांसाठी: दुरुस्तीला, परवान्याच्या नूतनीकरणाला, आणि खुद्द परवानाधारकाच्या वापरासाठी. म्हणजे काकांचा गुडघा दुखतो म्हणून पुतण्यानं बांधापर्यंत बंदूक खांद्यावर आणून दिली आणि काका शेजारी चालत असले, तर हरकत नाही. पण चाप पुतण्यानं ओढायचा नाही. काका घरी झोपलेत आणि पुतण्या माळ्यावर बंदूक घेऊन बसलाय, ही तर सरळ बिनपरवाना बंदूक बाळगण्याची बाब झाली. त्याची शिक्षा 2019 च्या दुरुस्तीनं वाढली. आता ती कमीत कमी 2 वर्षं आणि जास्तीत जास्त 5 वर्षं कैद, शिवाय दंड. काकाही सुटत नाहीत. परवान्याच्या अटी मोडल्या म्हणून खटला होतो आणि परवाना रद्द होऊ शकतो. मग पुढच्या हंगामात घरात बंदूकच नाही.

आता दुसरा कागद. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे, इथं पुष्कळ जण फसतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 प्रमाणे शिकारीला बंदी आहे. रानडुक्कर आणि रोही हे आता अनुसूची 2 मध्ये येतात. पिकाचं नुकसान करणारं जनावर मारायचं तर कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षकाचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. आदेशात जे क्षेत्र, जे जनावर आणि ज्याचं नाव असेल तेवढ्यापुरतीच मुभा. डुकराच्या आदेशावर भेकर मारता येत नाही. गवा आणि बिबट्या अनुसूची 1 मधले, त्यांना पिकाच्या नुकसानीचं कारण चालतच नाही. आदेशानं मारलेलं डुक्करही सरकारची मालमत्ता ठरते, त्याचे वाटे घालता येत नाहीत.

"मी नुसता हाका घालायला गेलो होतो, हातात काठीसुद्धा नव्हती," हे उत्तरही उपयोगी पडत नाही. कायद्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नाही. जनावर हाकणं, फासे लावणं, आमिष ठेवणं आणि तसा प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच धरलं आहे. आदेश नसेल तर बार काढणारा, हाकारे आणि फासे लावणारा सगळे एकाच रांगेत उभे राहतात. अनुसूची 2 मधल्या जनावरासाठी 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदूक आणि नेलेलं वाहन जप्त होतं ते वेगळंच. जनावर अंगावर आलं आणि जीव वाचवायला मारलं तर तो गुन्हा नाही. पण बेकायदा शिकारीला गेलेल्या माणसाला ही पळवाट मिळत नाही.

कायदा राहू द्या, जिवाचं बघू. 2025 च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोर भागातल्या जंगलात गावकरी डुकराच्या शिकारीला गेले. आपल्यातलाच माणूस डुक्कर समजून बार काढला गेला आणि माणूस गेला. हाक्याला नात्यातली, गावातलीच माणसं असतात. कोण कुठल्या झुडपाआड बसलाय हे अंधारात कळत नाही. ज्याला बंदुकीची सवय नाही त्याच्या हाती ती देणं म्हणजे घरचाच माणूस पणाला लावणं.

मग म्हाताऱ्या परवानाधारकानं करायचं काय? वाट आहे. शस्त्र नियम 2016 प्रमाणे परवानाधारकाचं वय 70 झालं, किंवा बंदूक त्याच्याकडे 25 वर्षं असली, तर हयातीतच मुलगा, मुलगी अशा वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. वारसाचं वय 21 पूर्ण हवं आणि शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करावा. अभयारण्याच्या हद्दीपासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या बंदूकधारकानं वन्यजीव विभागाकडं नोंदणी केली पाहिजे, आणि तिथं नव्या परवान्याला त्यांची संमती लागते. परवानाधारक वारला तर बंदूक माळ्यावर गुंडाळून ठेवू नये. विलंब न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करावी, मग वारसानं अर्ज करावा. तोवर ती बंदूक घरात ठेवणाराच आरोपी ठरतो.

हे सोपं नाही, हे मलाही ठाऊक आहे. डुक्कर एका रात्रीत शेत फस्त करतं, कागद मात्र टेबलावरून टेबलावर फिरतो. ज्या घरातली तरणी पोरं शहरात गेली तिथं राखणीला उरतो साठी-सत्तरीचा माणूस, आणि परवानाही त्याच्याच नावावर. ही अडचण खरी आहे, पण तिच्यावर उसनी बंदूक हा इलाज नव्हे. पोलीस पाटील, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी पाऊस सुरू होण्याआधी गावातल्या परवान्यांची यादी एकदा काढावी. कोणाचं वय झालंय, कोणाची मुदत संपतेय, कोण वारलंय, हे बघून त्या घरांचे अर्ज एकदमच पाठवावेत. नुकसान झालं की शेतकऱ्यानं त्याच दिवशी वन परिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. भरपाईला आणि शिकारीच्या आदेशाला, दोन्हीला तीच पोच उपयोगी पडते.

आणि पुतण्याला राखणीला नेऊच नये असं कोणी म्हणत नाही. बत्ती धरू दे, डबा वाजवू दे, कुत्रं सांभाळू दे. बंदूक मात्र ज्याच्या नावावर आहे त्याच्याच हातात राहिली पाहिजे.