चराईबंदी आणि गरिबाची शेळी

माण, आटपाडी, सांगोला, कर्जत, जामखेड या कोरड्या मुलखात बाजरी हातास लागली तर लागली. नाही तर घराची अब्रू राखते ती दारची शेळी. मुलाची पुस्तके, म्हातारीचे औषध, पेरणीचे बियाणे, या सर्वांस ऐन वेळी पैसा उभा राहतो तो एखादे करडू विकूनच. तिला गरिबाची गाय म्हणतात ते यथार्थ आहे.

हल्ली गावोगाव पाणलोटाची कामे होतात व त्यांबरोबर चराईबंदीचे ठराव होतात. त्या ठरावांत आरोपी एकच, शेळी! मोकाट शेळी कोवळ्या रोपाची वैरीण आहे, हे आम्ही नाकारीत नाही. हिवरे बाजार गावाने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली आणि तेथील उजाड डोंगर पुन्हा हिरवे झाले, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु आमचा प्रश्न असा की, बंदी होते ती कोणाच्या जिवावर? बागाईतदाराच्या गाईस मळ्यातला घास आहे. ज्यास गुंठाभर जमीन नाही, त्याच्या पाच शेळ्यांनी काय खावे? जंगलखात्याने डोंगर व गायराने बंद करून गरिबांच्या शेरडांची उपासमार चालविली, हे गाऱ्हाणे जोतीराव फुले यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात वेशीवर टांगले. तेव्हा कुंपण परक्या सरकारचे होते. आज तेच कुंपण गावच्या चार सधन मंडळींनी घालावे काय?

यास्तव आमचे स्पष्ट मत असे आहे की, बंदी अवश्य करावी, पण न्यायाने करावी. गायरानाचे तीन भाग करून एक भाग आळीपाळीने राखावा, म्हणजे गवतास बी धरण्यास अवधी मिळेल. राखलेल्या रानातील गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीनांचा असावा. आणि शेळ्यांमागे उन्हातान्हात हिंडणाऱ्या बायाबापड्या हजर राहतील अशाच वेळी ग्रामसभा भरवावी.

आता दोन शब्द आमच्याच बांधवांस. दहा रोडक्या शेळ्यांपेक्षा पाच धडधाकट शेळ्या बऱ्या. शेळीस दिवसाकाठी तिच्या वजनाच्या शेकडा 3 ते 4 इतका सुका चारा, अगर त्या मानाने हिरवा पाला, लागतो. तेवढी सोय असेल तितकीच जनावरे बाळगा. बांधावर शेवरी, सुबाभूळ, हादगा लावा. तुरीचा भुसा व बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यासाठी साठवा. उस्मानाबादी शेळी आमच्या हवेत टिकते व पुष्कळदा जुळी देते. बाहेरच्या महाग जातीच्या मोहाने कर्ज काढू नका. बोकड दर दोन वर्षांनी बदला, नाही तर बापलेकींचा संकर होऊन पैदास खुरटते. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचून घ्या व जंताचे औषध पाजा. करडू जन्मताच त्यास चीक पाजा. तो ओतून देण्याची चाल घातक आहे.

विकताना व्यापारी पाठीवर हात फिरवून अंदाजाने दाम सांगतो आणि आम्ही मान डोलावतो. हा अडाणीपणा किती दिवस चालावयाचा? दहा घरांनी मिळून एक वजनकाटा घ्यावा व किलोवर भाव ठरवावा. नवसापायी कर्ज काढून बोकड कापणे हेही बंद करा. देव कोणाच्या कर्जाचा भुकेला नाही.

शेवटी, जी गोष्ट आम्ही शाळेत रोज पाहतो ती सांगतो. पटावर नाव असते आणि मुलगी रानात शेळ्यांमागे असते. शेळ्या दारी बांधून पाला आणून घातला, तर झाडही वाचेल आणि मुलीचे शिक्षणही वाचेल. शेळी फळली की पाच महिन्यांनी पुन्हा विते, पण मुलीचे शाळेचे वर्ष परत येत नाही. बांधवांनो, गायरानाचा वाटा ग्रामसभेत हक्काने मागा, आणि लेकीचा वाटा तिला घरात आपण होऊन द्या.