पुहोल्सने काय सोडून दिले?

अल्बर्ट पुहोल्सने २३ सप्टेंबर २०२२ रोजी लॉस एंजलिसच्या डॉजर स्टेडियमवर कारकिर्दीतील ७०० वा होमरन फटकावला, तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. बॅरी बाँड्स, हँक एरन आणि बेब रूथ या तिघांनाच त्याआधी हा पल्ला गाठता आला होता. जुना पुहोल्स परतला, असे म्हणण्याचा मोह अशा वेळी होतोच. प्रत्यक्षात जुना पुहोल्स मागे ठेवल्यानेच हे साधले.

जुना पुहोल्स हा केवळ ताकदीचा फलंदाज नव्हता. २००१ ते २०११ या अकरा वर्षांत सेंट लुई कार्डिनल्सकडून खेळताना त्याची सरासरी ०.३२८ होती, ४४५ होमरन होते, आणि तरीही तो स्ट्राइकआउट क्वचितच व्हायचा. संपूर्ण कारकिर्दीत एकाही मोसमात त्याचे स्ट्राइकआउट शंभरावर गेले नाहीत. होमरनवीरांच्या जातीत हे फारच दुर्मीळ. टप्प्यातला कोणताही चेंडू बॅटवर घेण्याची ही हातोटी म्हणजे त्याचे खरे वैभव होते.

उतारवयात तेच वैभव त्याच्यावर उलटले. दहा वर्षांसाठी २४ कोटी डॉलरचा करार करून २०१२ मध्ये तो एंजल्सकडे गेला. तेथे पायांच्या दुखापतींनी त्याला जखडले. वाईट चेंडूलाही बॅट लागत होती. पण फटक्यात जोर उरला नव्हता आणि धावेत वेग नव्हता. तो चेंडू डावीकडे ओढणार हे ओळखून प्रतिस्पर्धी संघ क्षेत्ररक्षक त्या बाजूला दाटीने उभे करीत. (अशा व्यूहरचनेवर बंधने आली ती २०२३ मध्ये, तो निवृत्त झाल्यानंतर!) जमिनीवरून गेलेल्या अशा फटक्यांवर एकाच खेळीत दोन गडी बाद होण्याचा नकोसा विक्रमही त्याच्याच नावावर जमा झाला. एंजल्सकडून त्याची सरासरी ०.२५६ वर घसरली. मे २०२१ मध्ये, करार संपण्यास काही महिने उरले असताना, संघाने त्याला मुक्त केले. चेंडू सोडून देणारा किंवा चुकणारा फलंदाज निदान दुसऱ्या संधीची वाट पाहू शकतो. पुहोल्सच्या कौशल्याने त्याला ती सवलतही ठेवली नाही.

डॉजर्सकडे काही महिने काढून २०२२ मध्ये तो सेंट लुईला परतला, अवघ्या २५ लाख डॉलरवर. त्याच वर्षी नॅशनल लीगने केवळ फलंदाजी करणाऱ्या खेळाडूला, म्हणजे डेझिग्नेटेड हिटरला, मान्यता दिली होती. हा नियम नसता तर कार्डिनल्सकडे त्याला जागा मिळणे अवघडच होते. व्यवस्थापक ऑलिव्हर मार्मोल त्याच्याहून सहा वर्षांनी लहान! त्यांनी त्याला प्रामुख्याने डावखुऱ्या पिचरांपुढे उभे केले. उजव्या हाताच्या फलंदाजाला डावखुऱ्याचा चेंडू हातातून सुटताना अधिक स्पष्ट दिसतो, आणि वळणारा चेंडू त्याच्यापासून दूर न जाता आत येतो. मंदावलेल्या हातांना मिळणारा तो क्षणाचा अवधी मोलाचा होता. रोज मैदानात उतरण्याचा मान त्याने सोडला, सगळे चेंडू खेळण्याची हौसही आवरली. आपल्या पट्ट्यातल्या एका चेंडूची वाट पाहायची आणि तो उंच उडवायचा, एवढेच काम उरले.

हे लगेच जमले असे नव्हे. जुलैमधील ऑलस्टार विश्रांतीपर्यंत त्याची सरासरी ०.२१५ होती आणि होमरन अवघे सहा. उरलेल्या काळात त्याने १८ मारले. ६९९ वा फटका डावखुऱ्या अँड्र्यू हीनीला बसला, तर त्याच सामन्यातला ७०० वा उजव्या हाताच्या फिल बिकफर्डला. तोवर कोणत्याही पिचरपुढे त्याला उभे करण्याइतका विश्वास मार्मोल यांना वाटू लागला होता.

मोसम ७०३ होमरनवर संपला. ८ ऑक्टोबरला फिलाडेल्फिया फिलीजने कार्डिनल्सला प्लेऑफमधून बाहेर काढले. आठव्या डावातील आपल्या अखेरच्या खेपेस पुहोल्सने साधा एकेरी फटका मारला. पहिल्या बेसवर तो पोहोचताच त्याच्या जागी धावण्यासाठी दुसऱ्या खेळाडूला पाठवण्यात आले.